श्वानसहवास आणि श्वानोपचार

भिलाईहून बालोदच्या दिशेने निघाल्यावर दीड-दोन तासांत खपरी नावाचे एक लहानसे गाव लागते. बालोद हा २०१२ साली स्वतंत्र जिल्हा झाला. तोवर हा सारा परिसर आमच्या दुर्ग जिल्ह्यातच मोडत असे. या खपरी गावात कुकुरदेवाचे मंदिर आहे. चौदाव्या-पंधराव्या शतकात, फणिनागवंशी राजवटीत ते उभारले गेले असे मानले जाते. गाभाऱ्यात शिवलिंग असून त्याच्या सान्निध्यात चक्क कुत्र्याची मूर्ती आहे.

मंदिराची आख्यायिका छत्तीसगढात सर्वश्रुत आहे. एका बंजाऱ्यावर दुष्काळात कर्ज घेण्याची पाळी आली. गहाण ठेवण्याजोगे काहीच नसल्याने त्याने आपला इमानी कुत्रा सावकाराकडे तारण ठेवला. पुढे सावकाराच्या घरी चोरी झाली. चोरांनी ऐवज तळ्यात लपवला होता. कुत्र्याने सावकाराला त्या जागी नेले आणि सारा माल परत मिळाला. कृतज्ञ सावकाराने कर्ज फिटल्याची चिठ्ठी लिहून ती कुत्र्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला मूळ धन्याकडे पाठवून दिले. कुत्रा एकटाच परतलेला पाहून बंजाऱ्याला वाटले, हा शब्द मोडून पळून आला. संतापाच्या भरात त्याने काठी हाणली आणि कुत्रा गतप्राण झाला. चिठ्ठी नंतर वाचली गेली. पश्चात्तापाने त्याने त्याच जागी समाधी बांधली.

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला या कथेत प्रथम 'तारण' दिसावे, हे ओघानेच आले. मला मात्र दरवेळी ती न वाचलेली चिठ्ठीच अधिक चटका लावून जाते. कुत्रा आपल्याला काही सांगत असतो आणि आपण वाचण्याआधीच निष्कर्ष काढून मोकळे होतो.

याच मंदिराच्या दर्शनाने डांग्या खोकला आणि श्वानदंश बरा होतो, अशीही समजूत आहे. श्रद्धा आपल्या जागी असो; परंतु कुत्रा चावल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजविरोधी लस सुरू करावी. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजवर खात्रीचा उपचार नाही, म्हणून हे येथेच नमूद केले.

मराठी माणसाला कुत्र्याचे देवत्व नवीन नाही. दत्तात्रेयांच्या पायाशी चार श्वान असतात, खंडोबाच्या सोबत कुत्रा असतो, आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपण शाळेपासून ऐकत आलो. तरीही कुत्रा रुग्णालयात, शाळेत किंवा वृद्धाश्रमात उपचारकाचा सहायक म्हणून जाऊ शकतो, हे सांगितले की समोरचा हसतो. मीही हसले असते. पण माझ्या घरी जे घडले त्यानंतर हसू येईनासे झाले.

माझे बाबा भिलाई पोलाद कारखान्याच्या रेल मिलमधून निवृत्त झाले. पाळ्यांमध्ये आयुष्य गेलेला माणूस. सकाळची पाळी, दुपारची पाळी, रात्रपाळी. आमच्या घरातली जेवणे, झोपा, पाहुण्यांचे येणे-जाणे सारे त्या चक्राप्रमाणे चाले. निवृत्तीनंतर त्या चक्राची जागा आईने घेतली होती. २०२१ च्या एप्रिलमध्ये आई गेली आणि बाबांचा दिवसच मोडला. कोणत्याही वेळी उठत, कोणत्याही वेळी झोपत. मी बदली मागून भिलाईला आले, परंतु मी बँकेत गेल्यावर दिवसभर ते खुर्चीत बसून असत. विचारलेल्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर मिळे.

त्या पावसाळ्यात आमच्या स्कूटरखाली एक भिजलेले गावठी पिल्लू येऊन बसले. बाबा म्हणाले, "बाई, हे काही राहायचं नाही इथे." पिल्लू राहिले. त्याचे नाव मोती पडले. पहाटे पाचला मोती खुर्चीशी येऊन कुईकुई करू लागला आणि बाबांची सकाळची पाळी पुन्हा सुरू झाली. फिरायला जायचे म्हणजे दाढी करणे आले, चपला घालणे आले, वाटेत भेटणाऱ्यांना "हा चावत नाही" असे सांगणे आले. तीन महिन्यांनी मी एका संध्याकाळी घरी आले, तर बाबा मोतीला ब्लूमिंग मिलची गोष्ट सांगत होते. आईच्या पश्चात इतका वेळ सलग बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकत होते. मी दारातच थांबले.

हा सहवासाचा गुण झाला. याला उपचार म्हणता येणार नाही, आणि हा भेद समजून घेणे आवश्यक आहे. घरचा कुत्रा आपल्या माणसांना आधार देतो. अंध किंवा अपंग व्यक्तीची ठरावीक कामे करण्यासाठी शिकवलेला सहायक कुत्रा वेगळा; तो एकाच व्यक्तीसोबत राहतो. उपचार-श्वान याहून निराळा. तो आपल्या सांभाळकर्त्यासह परक्या माणसांत जातो आणि तेथील मानसोपचारतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ किंवा विशेष शिक्षक यांनी ठरवलेल्या उद्दिष्टासाठी त्यांच्या देखरेखीखाली काम करतो.

या पद्धतीचा उगम शोधू गेल्यास इंग्लंडमधील यॉर्क शहरापर्यंत जावे लागते. १७९६ साली तेथे सुरू झालेल्या मनोरुग्णांच्या आश्रमात साखळदंडांऐवजी बाग, काम आणि लहान प्राण्यांची सोबत यांवर भर होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्यांना लहानसा पाळीव प्राणी उत्तम सोबती ठरतो, असे आपल्या शुश्रूषाविषयक पुस्तकात नोंदवले. परंतु शास्त्रीय चर्चेला आरंभ झाला तो अमेरिकेतील बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्यामुळे. कोणाशीही न बोलणारा एक मुलगा ठरलेल्या वेळेआधीच त्यांच्याकडे आला. एरवी रुग्ण येण्यापूर्वी बाहेर नेला जाणारा त्यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा त्या दिवशी खोलीतच होता. तो मुलाकडे धावला, मुलाने त्याला कुरवाळले आणि पुढील भेटींत कुत्र्याच्या मार्फतच संवादाचे दार किलकिले झाले. लेव्हिन्सन यांनी १९६२ साली यावर लेख लिहिला आणि कुत्र्याला 'सहउपचारक' म्हटले. ही कल्पना प्रथम मांडली तेव्हा सहकाऱ्यांपैकी एकाने कुत्र्याला फीमधला वाटा देता का, असे विचारल्याचे सांगतात.

कुत्र्याच्या सान्निध्यात नेमके काय घडते? जपानमधील अझाबू विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. कुत्रा आणि त्याचा मालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहिल्यास दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढल्याचे त्यांना आढळले. आई आणि तान्हे मूल यांच्यातील जिव्हाळ्याशी ज्याचा संबंध आहे, तेच हे संप्रेरक. माणसाने वाढवलेल्या लांडग्यांमध्ये हा परिणाम दिसला नाही, हे विशेष. हजारो वर्षे माणसाच्या चुलीजवळ राहिलेल्या प्राण्याने माणसाच्या नजरेतही जागा मिळवली, असे याचे तात्पर्य काढता येईल.

प्रत्यक्ष सत्रात मात्र संप्रेरकांपेक्षा साध्या गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. हाताच्या बोटांत ताकद नसलेल्या मुलाला "बोटे हलव" म्हटले तर ते कंटाळते. कुत्र्याच्या केसांतून कंगवा फिरवणे किंवा त्याच्या पट्ट्याचे बक्कल लावणे ते आनंदाने करते. व्यायाम तोच असतो. तोल सांभाळून चालायला शिकणाऱ्याच्या हाती दोरी दिली की चालण्याला प्रयोजन मिळते. बोलायला बुजणाऱ्या मुलाने "बस" म्हटले आणि तेवढा मोठा प्राणी खाली बसला, तर आपल्या शब्दाला किंमत आहे हा अनुभव त्याला तत्काळ येतो. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे १९९९ पासून मुलांनी कुत्र्याला पुस्तक वाचून दाखवण्याचा उपक्रम सुरू झाला. कुत्रा उच्चार सुधारत नाही आणि मध्येच घड्याळही पाहत नाही, एवढेच त्याचे अध्यापनशास्त्र!

आशियात जिल रॉबिन्सन यांनी १९९१ साली हाँगकाँगमध्ये 'डॉ. डॉग' हा उपक्रम सुरू केला. आपल्याकडे चेन्नईच्या ब्लू क्रॉस संस्थेने तो स्वीकारला. महाराष्ट्रात या कामाची पायाभरणी मीनल कवीश्वर या मानसशास्त्रज्ञांनी केली. त्यांच्या 'अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन' या संस्थेने मुंबई-पुण्यात स्वमग्न आणि अन्य विशेष गरजा असलेल्या मुलांसोबत प्रशिक्षित कुत्र्यांच्या साह्याने उपचारसत्रे घेतली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर २०२३ च्या आरंभी प्रवाशांचा ताण हलका करण्यासाठी असे कुत्रे ठेवण्यात आले, तेव्हा वृत्तपत्रांतून हा विषय घरोघरी पोहोचला. विमानतळावरील भेट ही विरंगुळा असते आणि विशेष शाळेतील सत्र उपचाराचा भाग असते. बातम्यांत ही सीमारेषा पुसट होते.

येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. या क्षेत्रातील अनेक अभ्यास मोजक्या रुग्णांवर आणि अल्प मुदतीचे आहेत. चिंता आणि एकाकीपणा तात्पुरता उणावतो याला बऱ्यापैकी आधार मिळतो. आजार मुळापासून जातो असे कोणी सांगत असेल, तर त्याच्यापासून दूर राहावे. औषधे बंद करून कुत्रा पाळणे हा तर निव्वळ अविचार होय.

बाबांच्या अनुभवाने भारावून मी ठरवले होते की मोतीला उपचार-श्वान करायचे. जवळच्या एका विशेष मुलांच्या शाळेत त्याला रविवारी न्यावे, असे मनात होते. दुर्गजवळ अंजोरा येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय असल्याने आमच्या भागाला जाणकार पशुवैद्यांची वाण नाही. त्यांच्यापैकी एका अनुभवी डॉक्टरांना मी मोती दाखवला. त्यांनी हातातली किल्ल्यांची जुडी फरशीवर टाकली. मोती टेबलाखाली गेला. एक अपरिचित मुलगा आत आला, तेव्हा मोतीने जांभई दिली, ओठ चाटले आणि मान फिरवली. मला वाटले, कंटाळला असेल. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, हा घाबरलाय. तो सांगतोय तुम्हाला." मला खपरीची चिठ्ठी आठवली.

उपचार-श्वान निवडताना जात दुय्यम असते, स्वभाव प्रमुख असतो. अचानक झालेला आवाज, चाकाची खुर्ची, कुबड्या, कान ओढणारे लहान हात हे सारे त्याने शांतपणे स्वीकारले पाहिजे. सहन करणे पुरेसे नाही, परक्या माणसाची ओढ त्याला मुळातच हवी. वय किमान एक वर्ष, लसीकरण आणि जंतांचे औषध वेळेवर, नखे कापलेली, अंग स्वच्छ. सत्र अर्ध्या-पाऊण तासाचे, नंतर विश्रांती आणि पाणी. सत्रानंतर मुलांनी हात धुवायचे. कुत्रा थकला किंवा बिथरला तर सांभाळकर्त्याने तत्क्षणी सत्र थांबवायचे. तेवढा अधिकार त्याला नसेल तर तेथे जाऊच नये. मोती या कसोटीला उतरला नाही. मला वाईट वाटले, बाबांना मुळीच नाही. "त्याची ड्यूटी इथेच आहे," एवढेच ते म्हणाले.

घरी कुत्रा आणू इच्छिणाऱ्या वाचकांनी मुदतीचा विचार अवश्य करावा. कुत्रा साधारण दहा ते तेरा वर्षे जगतो, म्हणजे ही जबाबदारी बहुतेक वाहनकर्जांपेक्षा लांब मुदतीची आहे. आहार, वार्षिक लसी, आजारपण आणि गावी जाताना त्याची सोय हे खर्च दरमहा वेगळे काढून ठेवावेत. काही सामान्य विमा कंपन्या कुत्र्यांचा विमाही उतरवतात. रेल्वेने न्यायचे झाल्यास वातानुकूलित प्रथम श्रेणीचा कूपे किंवा केबिन संपूर्ण आरक्षित असावी लागते. अन्यथा कुत्र्याला गार्डच्या डब्यातील पेटीतून प्रवास करावा लागतो. मुंबई मार्गावरील रात्रभराच्या त्या प्रवासाला भित्र्या कुत्र्याला पाठवू नये, असे माझे मत आहे.

आता जो प्रश्न हा लेख लिहिण्यास निमित्त झाला, त्याकडे वळते. गेल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी एक निवृत्त शिक्षक शाखेत आले. पत्नी नाही, मुलगा परदेशी, घरी बारा-तेरा किलोची एक कुत्री. दाखल्याचे काम झाल्यावर त्यांनी खाली आवाजात विचारले, "बेटा, मुदत ठेवीवर तिचं नाव नॉमिनी म्हणून लावता येईल का? मी गेल्यावर तिला कोण बघणार?" शेजारच्या खिडकीवर कोणीतरी हसले. त्यांची मान खाली गेली.

वाचकहो, प्रश्न हसण्याचा नव्हता. कायद्याचे उत्तर असे आहे: ठेवीसाठी नामनिर्देशन व्यक्तीच्याच नावे करता येते, प्राण्याच्या नावे नाही. भारतीय न्यास अधिनियम, १८८२ अन्वये खासगी न्यासाचा लाभार्थीही मालमत्ता धारण करण्यास पात्र अशी व्यक्तीच असावी लागते, त्यामुळे केवळ कुत्रीच्या नावे न्यास करण्याचा मार्गही बंद. शक्य आहे ते एवढेच की, विश्वासू व्यक्तीशी आधी बोलून तिची लेखी संमती घ्यावी आणि मृत्युपत्रात तिच्या नावे विशिष्ट रक्कम ठेवून प्राण्याच्या संगोपनाची इच्छा स्पष्ट नमूद करावी. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी ऐच्छिक असली तरी इष्ट. नामनिर्देशित व्यक्ती बँकेकडून रक्कम स्वीकारते, ती तिची मालक होतेच असे नाही, हेही ध्यानात ठेवावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेवीवर चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करून प्रत्येकाचा हिस्सा ठरवता येतो, त्यामुळे मुलाचा वाटा आणि सांभाळणाऱ्याचा वाटा वेगळे दाखवणे आता सोपे झाले आहे. तरीही मृत्युपत्राचा मसुदा वकिलाकडूनच करून घ्यावा.

मी हे सारे त्यांना कागदावर लिहून दिले. पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले. सोबत शेजारची एक तरुण मुलगी होती. कॉलेजात असल्यापासून ती त्या कुत्रीला फिरवते असे कळले. दोघांनी बसून नामनिर्देशनाचा अर्ज भरला. कुत्री तेवढा वेळ प्रवेशद्वारापाशी सुरक्षारक्षकाच्या बुटावर हनुवटी टेकून बसली होती, आणि रक्षकाने पाय हलवला नव्हता.