कात्री न लावता छायाचित्राला आकार

आजी-आजोबांच्या लग्नातील छायाचित्र गोल चौकटीत बसविताना कडेला उभी असलेली आत्या कापली जाते. फाइल तशीच जतन झाली आणि मूळ प्रत नसली, तर ती पुन्हा मिळत नाही. डिजिटल स्क्रॅपबुक सजविताना होणारी ही चूक ‘लेयर’ म्हणजेच स्तरांचे तंत्र समजून घेतल्यास टळते.

स्तर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. तळाशी पार्श्वभूमी, त्यावर आकार, मग छायाचित्र आणि सर्वांत वर मजकूर अशी रचना करता येते. एका स्तरावरील बदलाने दुसऱ्याला धक्का लागत नाही. फोटोशॉपमध्ये ही सोय १९९४ साली ३.० या आवृत्तीत आली.

आकार देण्यासाठी छायाचित्र कापण्याऐवजी ‘क्लिपिंग मास्क’ वापरावा. प्रथम वर्तुळ किंवा पानाचा आकार स्वतंत्र स्तरावर काढावा. छायाचित्राचा स्तर त्याच्या लगेच वर ठेवून मास्क लावला, की आकाराच्या आतील भागच दिसतो. बाहेरचा भाग लपतो, पण नष्ट होत नाही. छायाचित्र किंचित सरकवले, की आत्या पुन्हा चौकटीत येते. आकाराच्या स्तराला हलकी सावली दिल्यास छायाचित्र कागदावर चिकटविल्याचा भास होतो.

छपाईसाठी बारा इंची पान प्रतिइंच ३०० पिक्सेल, म्हणजे ३,६०० पिक्सेल रुंद घ्यावे. मूळ स्कॅन वेगळे ठेवून काम पीएसडी स्वरूपात जतन करावे. जेपीजी प्रतीत सर्व स्तर एकजीव होतात. त्यामुळे ती सर्वांत शेवटी, नातेवाइकांना पाठविण्यापुरतीच काढावी.