कधी सेल्फ घेते, कधी घेत नाही

बारामती सोडून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की भवानीनगर, सणसर, लासुर्णे, जंक्शन, निमगाव केतकी अशी गावं एकामागून एक येतात. ऊस, द्राक्षं, डाळिंब, दूध आणि पलीकडे उजनीच्या पाण्यातली मासळी, असा हा भरलेला पट्टा. माल मोठ्या गाडीत चढण्याआधी मळ्यातून, वस्तीवरून डांबरीपर्यंत आणावा लागतो. ते काम अनेक ठिकाणी डिझेलची तीनचाकी ॲपे करते. पहाटे कॅन भरलेले आहेत, डेअरीची वेळ टळत चालली आहे आणि गाडी सेल्फ घेत नाही, अशा वेळी मालकाच्या जिवाची जी घालमेल होते ती इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

ही गाडी आहेही बारामतीचीच. इटलीतल्या पियाजिओ कंपनीने १९४६ मध्ये व्हेस्पा स्कूटर आणली आणि दोन वर्षांनी, १९४८ मध्ये, तिच्याच बांधणीवरून ॲपे ही तीनचाकी काढली. दोन्हींमागे कोरादिनो दास्कानिओ या विमान-अभियंत्याचं डोकं होतं. युद्धाने खचलेल्या देशाला थोड्या पैशांत माल हलवणारं वाहन हवं होतं. अर्ध्या शतकानंतर, १९९९ पासून, हीच गाडी डिझेल इंजिन घेऊन बारामतीच्या एमआयडीसीतून बाहेर पडू लागली. इंदापूरच्या याच रस्त्यावर जंक्शनहून आत वळलं की वालचंदनगर लागतं. ज्या वालचंद हिराचंदांच्या नावाने ते वसलं, त्यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. यंत्र घडवण्याचा मान या भागाला मिळाला आहेच. तितकाच मान, बनलेलं यंत्र वर्षानुवर्षं चालतं ठेवणाऱ्या मेस्त्रींनाही मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं. त्यांची खरी परीक्षा होते ती इथली एमएच-४२ची पाटी मिरवणारी एखादी जुनी ॲपे ‘कधी चालू होते, कधी होत नाही’ ही तक्रार घेऊन दारात येते तेव्हा.

पूर्ण बंद पडलेली गाडी सोपी असते. दोष समोर असतो, तो पळून जात नाही. अधूनमधून बंद पडणारी गाडी मात्र गॅरेजच्या दारात पहिल्याच चावीला सुरू होते आणि मालक खोटा पडतो. घाईचा मेस्त्री अशा वेळी अंदाजाने बॅटरी बदलतो, मग सेल्फ, मग चावीचा स्विच. पैसे जातात, दोष जागेवर राहतो. जाणता मेस्त्री पान्याला हात लावण्याआधी प्रश्न विचारतो. पहाटे पहिल्यांदाच अडते, की तापल्यावर दहा मिनिटं थांबून पुन्हा निघताना? पावसात, की गाडी धुतल्यावर? आणि अडते तेव्हा आवाज कसा येतो?

या शेवटच्या प्रश्नाने निम्मं काम होतं. चावी फिरवल्यावर काहीच आवाज नाही, तर स्विच, फ्यूज किंवा बारीक वायर पाहायची. नुसताच ‘टक’ आवाज आला, तर करंट सोलेनॉइडपर्यंत पोचतो आहे, पुढे मोटर फिरत नाही. सेल्फ जड, रडत फिरतो, तर बॅटरी किंवा जोडण्या. आणि सेल्फ जोरात फिरूनही इंजिन धरत नसेल, तर विजेचा नाद सोडून डिझेलकडे वळायचं. चार आवाज, चार वाटा.

आधी विजेची वाट तपासू. डिझेल ॲपेचं इंजिन मागे आणि चावी पुढे, म्हणजे वायरी गाडीच्या पोटाखालून चिखल, धूळ, पाणी खात जातात. त्यात इंजिन रबरी माउंटिंगवर बसवलेलं असतं. रबरातून करंट वाहत नाही, म्हणून बॅटरीकडे परत जायला जाड अर्थिंगची पट्टी लागते. तिच्या टोकाला गंज चढला की पट्टी दिसायला शाबूत, पण कामाला कुचकामी. सेल्फला १०० ॲम्पिअर करंट लागत असेल, तर ओहमच्या शंभराव्या भागाइतका अडथळाही १ व्होल्ट गिळतो. दोष पकडायची रीत साधी आहे. मीटरची एक सळई बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनाच्या स्वच्छ खरवडलेल्या धातूवर धरायची आणि दुसऱ्याला सेल मारायला सांगायचं. काटा दोन-तीन दशांशांवर राहिला तर ठीक. १ व्होल्टकडे सरकला तर चोर सापडला. नेहमीचा रस्ता अडला की करंट क्लच किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. सेल मारल्यावर केबल हाताला गरम लागली, तर मीटरशिवायही अर्थिंगचा दोष ओळखता येतो.

बॅटरीचाही न्याय मीटरनेच करावा. चार्ज झालेली, विसावलेली १२ व्होल्टची बॅटरी साधारण १२.६ दाखवते. पण खरं कळतं ते सेल मारताना. तेव्हा ती साडेनऊच्या बरीच खाली बसली तर तिच्यात दम उरलेला नाही. बॅटरी धट्टीकट्टी, अर्थिंग चोख आणि तरी ‘टक’ होऊन गाडी गप्प, तर सेल्फ उतरवायचा. आतले कार्बन झिजले असतील तर आर्मेचर एका ठरावीक जागी थांबल्यावरच संपर्क तुटतो. म्हणून तर सेल्फच्या अंगावर पान्याचा हलका ठोका दिला की गाडी सुरू होते आणि सगळ्यांना चमत्कार वाटतो. तो ठोका इलाज नाही, निदान आहे. कार्बन आणि सोलेनॉइडमधले तांब्याचे संपर्क बदलायची वेळ आली, एवढंच तो सांगतो.

आता डिझेलची वाट. या इंजिनात ठिणगी नाही. दाबून तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडतो आणि पेटतो. त्यामुळे फवारा नेमका आणि दाब पुरेसा हवा. टाकी पंपाच्या खाली असेल तर पंप डिझेल ओढून घेतो. या ओढीच्या बाजूला रबरी पाइप कडक झाला, क्लिप ढिली पडली किंवा तांब्याचा वायसर चपटा होऊन खराब झाला, तर तिथून डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. जमिनीवर थेंब नाही, म्हणून कुणाला संशय येत नाही. रात्रभरात डिझेल मागे टाकीकडे उतरतं आणि पहाटे पंपाच्या तोंडी हवा येते. गाडीने एअर घेतली, असं मेस्त्री म्हणतो ते हेच. बराच वेळ सेल मारून ती एकदा सुरू झाली की दिवसभर बिनतक्रार पळते आणि मालक दुसऱ्या पहाटेपर्यंत सगळं विसरतो. नुसती एअर काढून भागत नाही. ती कुठून आली हे शोधावं लागतं. फिल्टरआधी वीतभर पारदर्शक नळी बसवली की डिझेलबरोबर धावणारे बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. मग एकेक जोड तपासत मागे जायचं आणि ज्या जोडानंतर बुडबुडे सुरू होतात तिथे थांबायचं.

हवेचा पत्ता लागला नाही, तर फिल्टरमधलं पाणी, अडकणारी स्टॉपची केबल, टपकणारा नोझल आणि टॅपेटची फट हे क्रमाने येतात. थंड इंजिन पांढरा धूर ओकत कष्टाने सुरू होत असेल तर दाब उतरल्याची शंका घ्यावी. एकाच सिलिंडरचं इंजिन, त्याचा भार उचलायला दुसरा जोडीदार नाही. रिंगा झिजल्या असतील तर मालकाला इंजिनकामाचा खर्च स्पष्ट सांगावा. नवी बॅटरी घालून चार महिने ढकलण्यात मालकाचे पैसे आणि मेस्त्रीची पत, दोन्ही जातात.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नियम लागू झाले, विजेवरच्या तीनचाकीही बारामतीतून निघू लागल्या. नव्या गाड्यांत सेन्सर आहेत, कोड वाचणारी यंत्रं आहेत. तरी गंजलेली अर्थिंगची पट्टी तिथेही तशीच फसवते आणि कोड फक्त कुठे बघायचं हे सुचवतो. म्हणून आयटीआयच्या वर्गात इंजिन खोलायला शिकवतात तितक्याच आस्थेने न खोलता दोष शोधायला शिकवलं पाहिजे, आणि त्यासाठी जुन्या मेस्त्रींना वर्गात मानाने बोलावलं पाहिजे.

मालकालाही एक काम आहे. गाडी अडेल त्या वेळी लगेच धक्का मारू नये. दिवे लावून सेल मारावा आणि ते मंद होतात की तसेच राहतात ते पाहावं. वेळ, हवा, इंजिन गार की गरम आणि आवाज, हे सगळं वहीत नाहीतर मोबाइलवर टिपून ठेवावं. जमलं तर आवाजही रेकॉर्ड करावा. गाडी लहरी नसते. उष्णता, ओल, हादरे आणि उभं राहण्याचा काळ यांपैकी कशाला तरी ती नेमाने प्रतिसाद देत असते. अशा चार-पाच नोंदी घेऊन जाणाऱ्या मालकाला चांगला मेस्त्री ओळखता येतो: तो आधी त्या नोंदी वाचतो, मग इंजिनाकडे, पान्याकडे, बिलाकडे वळतो.