‘आय-सेव्हन, १६ जीबी’च्या पाटीला भुलू नका, पहिला गेमिंग कॉम्प्युटर असा जुळवा

दहावी-बारावीचा निकाल लागला की अनेक घरांत जुना शब्द आठवून दिला जातो. ‘पप्पा, चांगले मार्क पडले तर कॉम्प्युटर घेऊ म्हणाला होता.’ मुलाला गेम खेळायचे असतात, घरच्यांना वाटते अभ्यासालाही होईल. मग शोध सुरू होतो आणि कुठेतरी पाटी दिसते किंवा मोबाईलवर जाहिरात येते : आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, रंगीत लाईटचा कॅबिनेट, वर मॉनिटर, कीबोर्ड, माऊस. सगळे मिळून पंचवीस-तीस हजार. नव्या सुट्या भागांचा हिशेब याच्या दुप्पट जातो, त्यामुळे सौदा पटकन ठरतो.

त्या पाटीवरचा एकही शब्द खोटा नसतो. तरीही दोन महिन्यांत घरात कुरकुर सुरू होते. नवा गेम अडकतो, विंडोज ११ बसत नाही आणि सुधारायचे म्हटले तर ‘यात आता काही बसणार नाही’ असे उत्तर मिळते. पैसा जातो आणि मशीन वाढतही नाही. म्हणून पाटी कशी वाचायची हे आधी समजून घेतलेले बरे.

पाटीवर काय लिहिलेले नसते?

‘आय-सेव्हन’ हे घराण्याचे नाव आहे. पिढी कोणती, ते पुढच्या आकड्यावरून कळते. स्वस्त पॅकेजमध्ये बहुधा आय-सेव्हन ३७७० किंवा त्याच्या आसपासचा प्रोसेसर असतो. ३७७० मधला पहिला ३ म्हणजे तिसरी पिढी. हा प्रोसेसर २०१२ मध्ये बाजारात आला. त्याच्यापुढे बाराव्या पिढीचा साधा आय-थ्री १२१००एफ ठेवला, तर दोघांतही चारच कोअर आहेत, पण गेममध्ये आय-थ्री बराच पुढे निघून जातो. नावात सात आहे की तीन, यापेक्षा पिढी महत्त्वाची.

दुसरी गोम ग्राफिक्स कार्डाची. ‘४ जीबी ग्राफिक्स’ म्हणजे बहुतेक वेळा जीटी ७३०. हे कार्ड २०१४ चे. ४ जीबी हा आकडा मेमरी किती मावते ते सांगतो, ती किती वेगाने चालते ते सांगत नाही. हौद मोठा आणि नळ करंगळीएवढा, अशी ती गत. शिवाय या पिढीच्या कार्डांना २०२१ पासून गेमसाठीचे नवे ड्रायव्हर येणे बंद झाले आहे.

तिसरी गोष्ट विंडोजची. विंडोज १० ला मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते आणि इंटेलचा प्रोसेसर अधिकृतपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. आडमार्गाने विंडोज ११ बसवून देणारे भेटतात. पण व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट तपासतो आणि ते नसेल तर सुरूच होत नाही.

सगळ्यात मोठे नुकसान पुढे कळते. त्या जुन्या मदरबोर्डवर डीडीआर ३ रॅम असते, सॉकेट जुना असतो. पुढच्या वर्षी थोडे पैसे घालून मशीन सुधारू म्हटले, तर प्रोसेसर, रॅम आणि मदरबोर्ड तिन्ही एकदम काढावे लागतात.

आधी गेम ठरवा, मग भाग

दुकानात जाण्याआधी घरी एकच प्रश्न विचारावा : खेळायचे काय आहे? व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ यांना प्रोसेसर चांगला लागतो. कार्ड मध्यम असले तरी चालते. जीटीए फाइव्ह, रेड डेड रिडेम्प्शन २, सायबरपंक २०७७ असे मोठी दृश्ये असलेले गेम सगळा भार कार्डावर टाकतात. पहिल्या मशीनसाठी १०८० पिक्सेलचा मॉनिटर पुरे. फोर-केच्या मोहात पडले की कार्डाचाच खर्च दुप्पट-तिप्पट होतो.

फक्त व्हॅलोरंटच खेळायचा असेल आणि खिसा लहान असेल, तर ग्राफिक्स कार्डाशिवायही सुरुवात करता येते. रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच असते. त्यावर व्हॅलोरंट व्यवस्थित चालतो, कॉलेजचे काम होते, आणि कार्ड पुढे दिवाळीला घेता येते. अट एकच : रॅम ८-८ जीबीच्या दोन स्टिकमध्ये घ्यावी. आतले ग्राफिक्स हीच रॅम वापरते आणि एकाच स्टिकवर त्याचा वेग चांगलाच पडतो.

पैशाची वाटणी

भाव दर आठवड्याला हलतात, म्हणून किमतीपेक्षा वाटणी लक्षात ठेवावी. मॉनिटर सोडून ६० हजार रुपये हातात आहेत असे धरू. त्यातले २२ ते २४ हजार ग्राफिक्स कार्डाला, ९ ते ११ हजार प्रोसेसरला, ६ ते ८ हजार मदरबोर्डला, १२ हजारांच्या आसपास रॅम आणि एसएसडीला, साडेचार हजार एसएमपीएसला आणि उरलेले तीन-साडेतीन हजार कॅबिनेटला. नवशिक्याकडून हीच वाटणी उलटी होते. कॅबिनेट, लाईट आणि प्रोसेसरवर पैसा जातो, आणि कार्ड नि एसएमपीएस उरलेल्या चिल्लरमध्ये भागवले जातात.

२०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले. एआयच्या डेटा सेंटरकडून मेमरीला मोठी मागणी आली, त्याची झळ घरगुती गिऱ्हाइकालाही बसली. रॅम फारच महाग पडत असेल आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड घेतले असेल, तर आज ८ जीबीची एक स्टिक घेऊन दुसरा स्लॉट रिकामा ठेवता येतो. तशीच दुसरी स्टिक नंतर घालावी. मोठे गेम तोवर कुरकुरतील, पण एसएमपीएसचे पैसे रॅमकडे वळवण्यापेक्षा हे बरे.

या बजेटमधला नेहमीचा जोड म्हणजे आय-फाइव्ह १२४००एफ किंवा रायझन ५ ५६०० आणि सोबत ८ जीबीचे आरएक्स ६६००. दोन्ही प्रोसेसर सहा कोअरचे आहेत आणि बॉक्समध्ये पंखा येतो, वेगळा कूलर लागत नाही. एनव्हिडियाकडे वळणाऱ्यांनी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघावी. आरटीएक्स ३०५० याच नावाने ८ जीबी आणि ६ जीबी अशी दोन कार्डे आहेत. फरक फक्त २ जीबीचा नाही. ६ जीबीवाल्याची चिपही कमी ताकदीची आहे. नाव एकच, माल वेगळा.

एसएसडी एनव्हीएमई प्रकारची घ्यावी. ५०० जीबी ही खालची मर्यादा. जीटीए फाइव्हसारखा एकच गेम शंभर जीबीच्या घरात जागा खातो.

जोडी जमते का?

भाग चांगले असूनही एकमेकांत न बसणे ही पहिल्या खेपेची नेहमीची चूक. आय-फाइव्ह १२४००एफला एलजीए १७०० सॉकेटचा बोर्ड लागतो, उदाहरणार्थ एच ६१० किंवा बी ६६०. रायझन ५ ५६०० ला एएम ४ सॉकेटचा बोर्ड लागतो, जसे ए ५२० किंवा बी ५५०. इंटेलच्या या बोर्डांत काहींवर डीडीआर ४ बसते तर काहींवर डीडीआर ५. एकाची रॅम दुसऱ्यात जात नाही. खाचच वेगळी असते. एएम ४ वर फक्त डीडीआर ४ चालते.

एएम ४ हा २०१६ पासूनचा सॉकेट आहे, त्याचा उतारवयाचा काळ चालू आहे. तो स्वस्त पडतो, पण पुढची वाढ मर्यादित. एएम ५ सॉकेट २०२२ मध्ये आला, त्यावर फक्त डीडीआर ५ चालते. आज जास्त पैसे घालून पुढे प्रोसेसर बदलायची सोय हवी असेल तर एएम ५; चार-पाच वर्षे आहे तसे वापरायचे असेल तर एएम ४ वर भागते.

एसएमपीएसमध्ये कंजुषी नको

बॉक्सवर मोठ्या अक्षरात ‘४५० वॅट’ लिहिलेले असते. खरा आकडा बाजूच्या स्टिकरवर असतो. तिथे १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिले आहेत ते बघायचे आणि १२ ने गुणायचे. ३६ अँपिअर असतील तर ४३२ वॅट. हा माल ठीक. १४-१५ अँपिअरच असतील तर गुणाकार १८० च्या आसपास येतो, मग वर काहीही छापलेले असो.

आरएक्स ६६०० सुमारे १३२ वॅट खाते आणि १२४००एफ ताणाखाली ११७ वॅटपर्यंत जातो. बाकीचे भाग धरून ३०० वॅट होतात. नामवंत कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झ शिक्क्याचा ५५० वॅटचा एसएमपीएस घेतला तर पुढे मोठे कार्ड बसवायलाही जागा राहते. कार्डाला लागणारी आठ पिनची वायर त्यात आहे ना, तेही बघावे. हलका एसएमपीएस जळताना एकटा जात नाही. बोर्ड आणि कार्डही सोबत नेतो.

लाईट जाण्या-येण्याचा त्रास असलेल्या भागात यूपीएस घेतला जातो. पण ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे. साधारण अशा यूपीएसची ताकद ३६० वॅटच असते. गेम सेव्ह करून मशीन बंद करायला तेवढी पुरते. भिंतीच्या सॉकेटला अर्थिंग आहे का, हे मात्र इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे.

कॅबिनेटचा पुढचा भाग जाळीचा असावा. समोर काच असलेला कॅबिनेट दिसायला छान, पण हवा कोंडते. बेळगावच्या हवेत ते एखादवेळी खपून जाईल. हैदराबाद नि ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात नाही.

इथे घ्यावा, की कोल्हापूर-गोव्याला जावे?

सीमाभागात हा प्रश्न हमखास निघतो. पेट्रोल आणि दारू जीएसटीच्या बाहेर आहेत, म्हणून राज्य बदलले की भाव बदलतो आणि ‘पलीकडे स्वस्त’ ही सवय लागते. कॉम्प्युटरच्या भागांना ती लागू नाही. १ जुलै २०१७ पासून प्रोसेसर, बोर्ड, कार्ड, रॅम यांच्यावर सगळीकडे जीएसटीच आहे, आणि त्याचा दर १८ टक्के. बेळगाव असो, कोल्हापूर, पणजी, इंदूर की वडोदरा, कर तोच. फरक पडतो तो दुकानदाराच्या नफ्यात. बेंगळुरूचा एसपी रोड किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड इथे उलाढाल मोठी, त्यामुळे भाव थोडा खाली असतो. पण जाण्या-येण्याचा खर्च त्यातून वजा करावा.

मधला मार्ग असा : ऑनलाइन भाव काढून गावातल्या दुकानदाराला दाखवावा. हजार-दीड हजाराचा फरक राहिला तरी तो तसा महाग नाही. भाग बिघडला तर वॉरंटीचा पाठपुरावा करणारा माणूस हाताशी असतो. बिल पक्के घ्यावे आणि त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्यावा. ‘बिल नको तर इतके कमी’ हा सौदा कार्ड बंद पडले की महागात जातो.

सेकंडहँड कार्ड घ्यायला हरकत नाही, पण चालू मशीनवर गेम लावून अर्धा तास बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आरएक्स ५८० नावाने फिरणाऱ्या कार्डांत ‘२०४८ एसपी’ असा एक प्रकार आहे. तो आतून आरएक्स ५७० च्या ताकदीचाच आहे.

जोडल्यावरच्या दोन चुका

मशीन घरी आले, गेम मात्र रांगतो किंवा स्क्रीनच काळी. अशा वेळी आधी मागे बघावे. मॉनिटरची केबल बोर्डाच्या एचडीएमआयला लावलेली असते. ती खालच्या बाजूच्या ग्राफिक्स कार्डाला लावायची. नावात एफ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतेच, त्यामुळे तिथे बोर्डाला लावलेली केबल काहीच दाखवत नाही. दुसरी चूक रॅमची. बायोसमध्ये एक्सएमपी चालू केले नाही, तर ३२०० ची रॅम कमी वेगाने चालत राहते. पैसे भरलेला वेग तसाच पडून राहतो.

एका कागदाची तयारी

दुकानात ‘गेमिंग कॉम्प्युटर केवढ्याला?’ असे विचारू नये. कोटेशन मागावे, आणि त्यात प्रत्येक ओळीत भागाचे पूर्ण नाव असावे : प्रोसेसरचा आकडा, बोर्डाचे मॉडेल, कार्डाचे नाव आणि मेमरी, रॅम किती स्टिकमध्ये, एसएमपीएसची कंपनी आणि वॅट, प्रत्येकाची वॉरंटी किती वर्षे. चांगला दुकानदार हे पाच मिनिटांत लिहून देतो. ‘आय-सेव्हन आहे, बाकी काळजी नको’ एवढेच उत्तर आले, तर कोटेशनचा कागद न घेताच पुढच्या दुकानाची पायरी चढावी.