मुळाशी एक रेघ : जपानी कांजी चिन्हाची ओळख

जपानी भाषेच्या अभ्यासकास सर्वाधिक धास्ती वाटते ती कांजी चिन्हांची. चीनमधून जपानमध्ये गेलेली ही चिन्हे ध्वनीबरोबर अर्थही व्यक्त करतात. जपान सरकारने २०१० मध्ये सुधारलेल्या नित्य वापराच्या यादीत अशी २,१३६ चिन्हे आहेत. केवळ घोकंपट्टीने ती आत्मसात होणे कठीण. मात्र चिन्हाची घडण व उपयोग ध्यानी घेतल्यास मार्ग कसा सुकर होतो, हे पहिल्या इयत्तेत शिकविल्या जाणाऱ्या ‘होन’ या चिन्हावरून दिसून येईल.

‘झाड’ या अर्थाचे चिन्ह चार रेघांचे असते : एक आडवी, तिला छेदणारी उभी व दोन्ही बाजूंस उतरणाऱ्या दोन तिरप्या. उभ्या रेघेच्या तळाजवळ आणखी एक लहान आडवी रेघ दिली की ‘होन’ तयार होते. बुंध्याशी केलेली ही खूण, म्हणून अर्थ ‘मूळ’. तीच रेघ शेंड्याकडे लांब ओढली तर ‘मात्सु’, म्हणजे शेवट. आखूड ठेवली तर ‘अद्याप नाही’!

मराठीत झाडाचे मूळ असते, तसे मूळ गाव आणि मूळ प्रतही असते. ‘होन’चा अर्थविस्तार असाच आहे. ‘निहोन’ म्हणजे सूर्याचे उगमस्थान, अर्थात जपान. ‘होन्मोनो’ म्हणजे अस्सल वस्तू; ‘होन्तेन’ म्हणजे मुख्य दुकान. एकटे ‘होन’ म्हणजे पुस्तक. पेन्सिल, बाटली अशा लांबट वस्तू मोजतानाही ‘इप्पोन, निहोन, साम्बोन’ असे हेच चिन्ह येते. यामामोतो, मात्सुमोतो या आडनावांत मात्र त्याचा उच्चार ‘मोतो’ होतो.

‘होन’ म्हणजे पुस्तक, एवढेच पाठ करणारा व्यवहारात अडतो. ‘होन’पुढे ‘माणूस’ हे चिन्ह आले की ‘होन्निन’ हा शब्द होतो. त्याचा पुस्तकाशी संबंध नाही. ‘ती व्यक्ती स्वतः’ असा त्याचा अर्थ. अर्जदार स्वतः आला आहे की त्याचा प्रतिनिधी, हे कार्यालयीन अर्जात याच शब्दाने ठरते. दुकानावरील ‘होन्जित्सु क्यूग्यो’ ही पाटी ‘आज दुकान बंद’ असे सांगते.

म्हणून प्रत्येक चिन्ह वहीत उतरविताना त्याची घडण आणि नित्याचे दोन-तीन शब्दही सोबत लिहावेत. मुख्य गोष्ट सोडून गौण गोष्टीमागे लागण्याला जपानीत ‘होन्मात्सु तेन्तो’, म्हणजे मूळ-शेंड्याची उलटापालट म्हणतात. अर्थ सोडून चिन्हांची संख्या मोजणे, ही तशीच उलटापालट होय.