धावपटू व सायकलस्वार यांचा सामायिक मार्ग : शिष्टाचार आणि सुरक्षितता (विशेष संदर्भ : परभणी जिल्हा)

प्रस्तावना :

धावपटू आणि सायकलस्वार यांनी एकच मार्ग कसा वापरावा, हा प्रश्न महानगरांतील हौशी मंडळींचा आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. परभणी जिल्ह्यात मात्र तो हौसेचा नसून उपजीविकेचा आणि शिक्षणाचा प्रश्न आहे. येथे पहाटे धावणारा बहुधा पोलीस भरतीची तयारी करणारा ग्रामीण तरुण असतो. त्याच रस्त्यावर थोड्या वेळाने सायकलवरून शिकवणीला किंवा शाळेला निघालेली विद्यार्थिनी येते. मानव विकास कार्यक्रमांतर्गत इयत्ता ८ वी ते १२ वीच्या गरजू मुलींना सायकली मिळू लागल्यापासून अशा विद्यार्थिनी खेड्यापाड्यांतील रस्त्यांवर नित्य दिसतात. दोघांचेही भवितव्य त्या रस्त्यावर अवलंबून असल्यामुळे प्रस्तुत लेखात या सहवापराचे नियम व त्यांमागील कारणे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

समस्येचे स्वरूप :

जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात घोडका राजुरी येथे पहाटे महामार्गावर धावणाऱ्या, भरतीची तयारी करणाऱ्या तीन तरुणांचा एसटी बसच्या धडकेत मृत्यू झाला. अशा घटनांनंतर 'महामार्गावर धावू नका' असे सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु महामार्ग सोडलेला तरुण जोडरस्त्यावर, कालव्याकाठच्या सेवामार्गावर किंवा एखाद्या शैक्षणिक परिसरातील रस्त्यावर जातो. तेथे अवजड वाहने कमी असली, तरी सायकली असतात. म्हणजे धोका कमी होतो, पण संपत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या एका विद्यार्थ्याची अशाच जोडरस्त्यावर, पुरते उजाडण्यापूर्वी, समोरून येणाऱ्या सायकलशी धडक झाली. त्याचे खांद्याजवळचे हाड मोडले आणि त्या वर्षीची मैदानी चाचणी हुकली. सायकलवरील मुलीलाही बरेच खरचटले. चूक कोणाची, यावर दोन्ही घरांत वाद झाला. प्रत्यक्षात दोघांपैकी कोणालाही नियम ठाऊक नव्हता.

वेगाचे गणित :

धावणारा संथ आणि सायकलस्वार वेगवान, ही कल्पना येथे फसवी ठरते. पोलीस भरतीत पुरुष उमेदवारांना १६०० मीटर धावावे लागते. हे अंतर साडेपाच मिनिटांत कापणाऱ्या तरुणाचा वेग ताशी सुमारे साडेसतरा किलोमीटर होतो. साधी सायकल सुमारे १५ किलोमीटर वेगाने चालते. म्हणजे दोघे जवळजवळ समान वेगाचे आहेत. ते समोरासमोर आल्यास त्यांच्यातील अंतर दर सेकंदाला सुमारे ९ मीटरने घटते. अंधारात किंवा धुक्यात १५-२० मीटरवरून दिसल्यास सावरण्यास जेमतेम दोन सेकंद मिळतात. याउलट दोघे एकाच दिशेने जात असल्यास वेगातील फरक सेकंदाला ०.७ मीटर इतकाच असतो. पुढे निघण्यासाठी ५ मीटर अंतर भरून काढावयाचे तर सात सेकंद लागतात. तेवढा वेळ दोघे एकमेकांच्या अगदी निकट असतात. म्हणून पहिल्या स्थितीत प्रकाश महत्त्वाचा, तर दुसऱ्या स्थितीत बाजूचे अंतर महत्त्वाचे ठरते.

मार्गावरील शिष्टाचार :

१) बाजू : मोटारींची वर्दळ असलेल्या व पदपथ नसलेल्या रस्त्यावर धावणाऱ्याने उजव्या कडेने, म्हणजे वाहनांकडे तोंड करून धावावे. सायकलस्वाराने डावी बाजू सोडू नये. अशा वेळी दोघे एकाच कडेला समोरासमोर येतात. तेव्हा धावणाऱ्याने साइडपट्टीवर उतरावे, कारण डांबराच्या कडेवरून सायकल खाली घातल्यास ती घसरते. पावसाळ्यात काळ्या मातीची साइडपट्टी चिखलमय होते. त्या वेळी धावणाऱ्याने वेग कमी करावा आणि सायकलस्वाराने मागील वाहन पाहून थोडे आत यावे. मोटारींना बंद असलेल्या मार्गावर मात्र सर्वांनी डावीकडूनच जावे.

२) पूर्वसूचना : मागून येणाऱ्याने दुरूनच घंटी वाजवावी आणि उजवीकडून पुढे जावे. 'उजवीकडून' असे ओरडल्यास दचकलेला माणूस नेमका उजवीकडेच सरतो, हा नित्याचा अनुभव आहे. त्यापेक्षा 'सायकल!' एवढाच शब्द पुरेसा होतो. कानात इअरफोन असल्यास ही सूचना व्यर्थ जाते.

३) थांबणे : १६०० मीटर पूर्ण होताच घड्याळ पाहत, गुडघ्यांवर हात टेकून मार्गाच्या मध्यभागी थांबण्याची सवय अत्यंत धोकादायक आहे. आधी कडेला यावे, मग थांबावे. वळण्यापूर्वी मागे पाहावे.

४) समूह : दोघांपेक्षा अधिकांनी शेजारी-शेजारी धावू अथवा सायकल चालवू नये. समोरून कोणी येताच एकामागे एक व्हावे.

५) दृश्यता : जानेवारीत सूर्योदय सातच्या सुमारास होतो, तर सराव साडेपाचला सुरू होतो. फिकट रंगाचे कपडे, परावर्तक पट्टी आणि सायकलला पुढे दिवा व मागे लाल परावर्तक ही किमान तयारी होय. दिव्याविना सायकल चालविल्यास पोलीस अडवीत असत, ही जुन्या पिढीची आठवण आहे. तो धाक गेला, परंतु त्यामागील कारण कायम आहे.

महाविद्यालयांची भूमिका :

हे नियम कोणत्याही अभ्यासक्रमात सहसा शिकविले जात नाहीत. शारीरिक शिक्षण विभाग व राष्ट्रीय सेवा योजनेच्या माध्यमातून ते प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांपर्यंत एका तासात पोहोचविता येतील. त्याहून महत्त्वाचे म्हणजे महाविद्यालयाचे मैदान पहाटे खुले ठेवणे. २०० मीटरच्या धावपट्टीवर आठ फेऱ्यांत १६०० मीटर पूर्ण होतात. त्यासाठी रस्त्यावर जाण्याची आवश्यकता उरत नाही.

निष्कर्ष :

सामायिक मार्गावरील शिष्टाचार हा केवळ सौजन्याचा भाग नसून तो वेग, प्रकाश आणि अंतर यांच्या हिशेबावर आधारलेला आहे. ज्याला बाजूला होणे सोपे त्याने आधी बाजूला व्हावे, हे त्याचे मूलतत्त्व होय. विद्यार्थी रस्त्यावर का धावतात, असा प्रश्न विचारण्यापूर्वी आपल्या मैदानाचे फाटक पहाटे किती वाजता उघडते, हे अध्यापकांनी एकदा पाहून घ्यावे.