मोबाईलवरचा वारा आणि शेतातला वारा

ऑगस्टमध्ये सोयाबीनवर फवारणी करायची, म्हणून भूम तालुक्यातल्या ईट गावचा शेतकरी आदल्या रात्री मोबाईलवर हवामान बघतो. समजा तिथं दिसतं: वारा ताशी 15 किलोमीटर, झोत 32, दिशा पश्चिम. बहुतेकांची नजर 15 वरच थांबते. औषध कुठं उडणार, हे मात्र पुढच्या दोन गोष्टींवर ठरतं.

हा 15 म्हणजे सरासरी. भारतीय हवामान विभाग वाऱ्याची तीन मिनिटांची सरासरी धरतो, जगात बऱ्याच ठिकाणी दहा मिनिटांची धरतात. तीही मोकळ्या जागी, जमिनीपासून 10 मीटर उंचीवरची. आपण उभे असतो गुडघ्याएवढ्या सोयाबीनमध्ये, बांधावर लिंब-बाभळी असतात. तिथं वारा त्याहून कमीच लागतो. काही ॲपमध्ये आकडा सेकंदाला मीटरमध्ये येतो, त्याला 3.6 ने गुणायचं. नॉटमध्ये असेल तर 1.85 ने.

झोत म्हणजे मधूनच येणारा, जेमतेम तीन सेकंदांचा जोर. तो सरासरीच्या दीडपट असणं नेहमीचंच. दुपटीवर गेला की हवा अस्थिर आहे असं समजावं आणि पंप खाली ठेवावा. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. रब्बीची कणसं भरलेली ज्वारी आडवी होते, गोठ्याचा पत्रा उचकटतो, तो याच झोतानं.

पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा, अंशात 270. नकाशावरचा बाण मात्र बहुधा वारा जातो तिकडं, म्हणजे पूर्वेकडं तोंड करून असतो. इथं गफलत झाली तर नुकसान शेजाऱ्याचं. पूर्वेच्या बांधापलीकडं तुती असेल तर उडालेलं कीटकनाशक पाल्यावाटे रेशीमकिड्यांच्या पोटात जातं. भूम तालुका खव्यासाठी नावाजलेला, घरोघरी दुभती जनावरं. पलीकडं चाऱ्याचं रान असेल तरी तोच धोका. पंप भरण्याआधी मूठभर कोरडी माती खांद्याच्या उंचीवरून हळूहळू सोडावी. धूळ कुठं जाते ते बघूनच ओळ धरावी.

आता वेळ. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवाही थंड आणि जड होऊन खाली बसते. वरचा वारा या थरावरून निघून जातो. म्हणून पहाटे शेतात पान हलत नाही, आणि त्याच वेळी भूम-वाशीकडच्या माळावर उंच पवनचक्कीची पाती फिरताना दिसतात. ऊन चढलं की तापलेली हवा वर जाते आणि वरचा जोरदार वारा खाली उतरतो. साधारण नऊ-दहापासून झोत सुरू होतात, दुपारी सर्वांत जास्त, सूर्य कलला की ओसरतात. दिवसाचा एकच आकडा बघून चालत नाही, तासातासाचा बघावा लागतो. अगदी निपचित पहाटही फवारणीला चांगली नाही. बारीक थेंब खाली न बसता थंड थरात तरंगत राहतात आणि भलतीकडं सरकतात. हलकी, एकाच दिशेची झुळूक असलेली सकाळ सर्वांत उत्तम.

अंदाज गावाच्या नावानं दिसतो, पण तो गावापुरता काढलेला नसतो. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं तयार केलेली भारत फोरकास्ट सिस्टीम मे 2025 मध्ये कार्यान्वित झाली. अंदाज काढताना ती नकाशाचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनाला एक आकडा देते. तिचा एक चौकोन सुमारे 6 किलोमीटरचा, आधीचा 12 चा होता. बालाघाटाच्या पठारावर तेवढ्या अंतरात उघडा माळही येतो आणि ओढ्याकाठचं खोलगट रानही. दोन्हींना आकडा एकच. माळावरच्या माणसानं तो थोडा वाढवून वाचावा, खोलगटातल्यानं कमी करून. महावेध योजनेत महसूल मंडळांत बसवलेली स्वयंचलित केंद्रं प्रत्यक्ष वारा मोजतात. त्यांची नोंद मिळाली तर अंदाजाशी ताडून बघावी. चार-सहा दिवसांत आपल्या रानाचा फरक कळू लागतो.

एप्रिल-मेचा वळीव मात्र या हिशेबात बसत नाही. ढगातून कोसळणारी थंड हवा जमिनीवर आदळून चहूकडं पसरते. अंदाजात 12 असतानाही मिनिटभरात ताशी 50 चा वारा सुटू शकतो, तोही नेहमीची दिशा सोडून. त्यासाठी हवामान विभागाचा जिल्ह्याचा तीन तासांचा तातडीचा इशारा बघायचा. इशारा आला नसला, तरी काळ्या ढगाकडून अचानक गार वारा लागला की पाऊस पडायच्या आतच जनावरं पत्र्याच्या शेडजवळून आणि झाडाखालून हलवायची.