लावणी तिघींची

'रेशमाच्या रेघांनी' ही लावणी लातूर-नांदेडकडे लग्नाच्या मांडवात, शाळेच्या गॅदरिंगमध्ये, यात्रा-जत्रांत वर्षानुवर्षं वाजत आली आहे. इतकी की ती कुणी रचली, कुणी चाल लावली, हे विचारावंसं कुणाला वाटत नाही. गाणारा आवाज आशा भोसले यांचा, एवढं सगळे ओळखतात. मला मात्र त्या आवाजाच्या मागे उभ्या असलेल्या दोघींबद्दल लिहायचं आहे.

लावणी म्हटली की राम जोशी, होनाजी, पठ्ठे बापूराव. नाचणारी-गाणारी बाई, पण तिच्या तोंडचे शब्द शाहिराचे. १९६४ च्या 'मराठा तितुका मेळवावा'मधली ही लावणी निराळी. शब्द शांता शेळके यांचे, चाल आनंदघन यांची, आणि आनंदघन म्हणजे लता मंगेशकर. शब्दांपासून गळ्यापर्यंत लावणी तिघी बायकांची झाली. त्यातली नायिका बोलते तीही आपल्या हातच्या कशिद्याबद्दल. इरकल नेसणाऱ्या आमच्या उदगीर-निलंग्याकडच्या बायकांना त्या कर्नाटकी कशिद्याला लागणारे डोळे आणि वेळ वेगळा सांगावा लागत नाही. मुंबईच्या कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या शांताबाईंनी हे नेमकं पकडलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आनंदघन हे नाव आलं ते अडचणीतून. भालजी पेंढारकर कोल्हापुरात 'मोहित्यांची मंजुळा' करत होते आणि हवा तो संगीतकार मोकळा नव्हता. लताबाई म्हणाल्या, मी करते. भालजींना धास्ती वाटली. चित्रपट पडला तर एवढ्या मोठ्या गायिकेच्या नावाला बट्टा. तेव्हा टोपणनावाचा तोडगा निघाला. नाव समर्थ रामदासांच्या काव्यातलं, म्हणजे आमच्या मराठवाड्यातल्या जांबच्या माणसाचं. पुढच्या चित्रपटाचं शीर्षकही त्यांच्याच ओवीतलं. 'मोहित्यांची मंजुळा'च्या आधी दिनकर द. पाटलांच्या 'राम राम पाव्हणं'ला लताबाईंनी संगीत दिलेलं होतंच. आनंदघन या नावानं १९६३ ते १९६९ या काळात चार चित्रपट झाले: 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं' आणि 'तांबडी माती'. चारही भालजींचे.

'साधी माणसं'च्या वेळी गुपित फुटलं. राज्य पुरस्कारांच्या समारंभात उत्कृष्ट संगीतासाठी आनंदघन यांचं नाव पुकारलं गेलं आणि कुणीच उठेना. लताबाई समोरच बसलेल्या होत्या. शेवटी व्यासपीठावरूनच सांगून टाकलं गेलं. हा किस्सा आपण सगळे चवीनं सांगतो, आणि माझी तक्रार हीच आहे की तिथंच थांबतो. त्या चालींकडे संगीतकाराचं काम म्हणून बघत नाही.

बघा ना, 'साधी माणसं'मधलं 'ऐरणीच्या देवा' ही जगदीश खेबुडकरांची रचना. लोहार नवरा-बायकोचं गाणं. चाल घणाच्या ठोक्याशी बांधलेली, स्वरांचा चढ-उतार जाणूनबुजून थोडा ठेवलेला. भात्याजवळ बसलेल्या कष्टकरी बाईला गाता येईल एवढीच. ज्यांचा गळा तिन्ही सप्तकांत सहज फिरायचा त्यांनी स्वतःसाठी इतकं साधं गाणं बांधलं. लावणी आली तेव्हा ती स्वतःकडे न ठेवता धाकट्या बहिणीला दिली. 'मराठी पाऊल पडते पुढे'मध्ये हेमंतकुमारांचा भारदस्त आवाज सोबत घेतला. कोणतं गाणं कुणाच्या गळ्याला शोभेल याची ही जाण गायिकेची नाही, संगीतकाराची आहे.

शांताबाईंचा पडदा वेगळा. सेन्सॉर बोर्डाशी संबंध असताना चित्रपटगीतांवर आपलं नाव नको, म्हणून त्यांनी डॉ. वसंत अवसरे हे नाव घेतलं. नावामागे 'डॉ.' लावल्यावर कोण शंका घेणार! 'नवयुग'मध्ये आचार्य अत्र्यांच्या हाताखालची उमेदवारी, नागपूर-मुंबईतली प्राध्यापकी, अनुवाद, सदरं, आणि मधल्या वेळात चालीवर शब्द बसवणं. १९९६ साली आळंदीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं, पण गीतलेखन हे कवितेपेक्षा खालचं काम समजणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला ते पटत नाही. आधी तयार झालेल्या चालीच्या मात्रांत जिवंत बोली बसवणं हे कसलेल्या हाताचंच काम.

नाव झाकून काम करणं बायकांना नवं नव्हतं. बॉम्बे टॉकीजच्या 'अछूत कन्या'ला १९३६ मध्ये संगीत देणाऱ्या सरस्वतीदेवी म्हणजे पारशी घरातल्या खोरशेद होमजी. समाजाचा रोष नको म्हणून नाव बदललेलं. आणि आनंदघन कोल्हापूरच्या चित्रपटांना चाली देत होते त्याच वर्षांत, तिकडे लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत कॅरोल के बास गिटार वाजवत होत्या. 'द बीच बॉइज' या रॉक बँडच्या १९६६ च्या 'पेट साउंड्स' अल्बममध्ये त्यांचं वादन आहे. त्या काळच्या रेकॉर्डच्या वेष्टनांवर अशा वादकांची नावं छापतच नसत. रॉकच्या चाहत्यांनी पुढे मुलाखती घेऊन, रेकॉर्डिंगचे कागद तपासून, कुठल्या गाण्यात कोण वाजवत होतं ते शोधून काढलं.

आपण ते केलेलं नाही. 'तांबडी माती'नंतर आनंदघन थांबले. २००२ मध्ये शांताबाई गेल्या, २०२२ मध्ये लताबाई. त्या चार चित्रपटांतली प्रत्येक चाल स्वरलिपीत उतरवणं, ढोलकी-तुणतुण्यावर कोण होतं ते शोधणं, अवसरे या नावाखालची सगळी गीतं एका जागी आणणं, हे एका अभ्यासकाचं काही वर्षांचं काम आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातल्या एखाद्या विद्यार्थिनीनं ते पीएच.डी.साठी घ्यावं असं मला मनापासून वाटतं, आणि लवकर घ्यावं. त्या रेकॉर्डिंगना हजर असलेली माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत.